ध्वजस्तंभाची खरेदी

मुख्याध्यापकाला आपल्या कारकिर्दीत ज्या वस्तू खरेदी कराव्या लागतात, त्यांपैकी बहुतेकांची निवड पूर्वीच कोणीतरी करून ठेवलेली असते. बाके कोणत्या मापाची घ्यावीत, फळा किती लांबीचा असावा, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या किती लागतात, हे सारे वहिवाटीने ठरलेले असते. दरवर्षी तशीच दरपत्रके येतात, तसाच तुलनात्मक तक्ता होतो आणि संस्थेचे कार्यकारी मंडळ फारशी चर्चा न करता मंजुरीचा ठराव लिहिते. ध्वजस्तंभ ही मात्र दोन पिढ्यांतून एकदा घ्यावयाची वस्तू आहे. ज्यांनी पूर्वीचा स्तंभ उभारला ते बहुधा हयात नसतात, आणि ज्याच्यावर नवा घेण्याची पाळी येते त्याला जुन्या दफ्तरात त्याविषयी जमाखर्चाच्या एका ओळीपलीकडे काही सापडत नाही. ती पाळी माझ्यावर आली, आणि तिच्या निमित्ताने लोखंड, वारा, दोर आणि माणसाचा हात यांविषयी जे शिकावयास मिळाले ते लिहून ठेवावे, असे निवृत्तीनंतर पुष्कळदा मनात आले. कारण ज्या शाळांच्या अंगणात आजही जुने लाकडी दंड उभे आहेत, त्यांच्या मुख्याध्यापकांवर ही पाळी आज ना उद्या येणारच आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर येऊन थडकले. आमचे माध्यमिक विद्यालय त्याच टापूतले; समुद्र आणि शाळा यांच्यामध्ये सुरूचे बन, काही वाड्या आणि एक रस्ता एवढेच अंतर. ज्या वादळाने पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत भुईसपाट केल्या, त्याने आमच्या छपराचे पत्रे उडवून नेले यात नवल नव्हते. पण दुसऱ्या दिवशी अंगणात आलो तेव्हा दृष्टी प्रथम गेली ती आडव्या पडलेल्या ध्वजस्तंभाकडे. शाळेच्या संस्थापकांनी उभारलेला तो सागवानी दंड वरून खाली दरवर्षी रंगवला जाई, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तो आणखी पन्नास वर्षे टिकेल असे वाटे. तो मोडला होता नेमका जमिनीलगत. लाकूड उघड्या हवेत कुजत नाही, खोल मातीतही सहसा कुजत नाही. जिथे ओल आणि हवा एकत्र येतात त्या वीतभर पट्ट्यातच ते आतून पोखरले जाते, आणि वरचा रंग ती गोष्ट झाकून ठेवतो. तलाठी भाऊसाहेब पंचनाम्यास आले तेव्हा पत्रे, भिंती, संडास, संगणक यांच्यासाठी त्यांच्या नमुन्यात रकाने होते. स्तंभाची नोंद ‘इतर’ या सदराखाली करावी लागली.

त्या वर्षीचा १५ ऑगस्ट महामारीच्या निर्बंधांत, विद्यार्थ्यांविना पार पडला. पडलेल्या पोफळींतले एक सरळ खोड निवडून, तासून, ते आम्ही तात्पुरते रोवले होते. कोकणात मांडवाच्या खांबांपासून पाण्याच्या पन्हळीपर्यंत पोफळीचे खोड सर्वत्र चालते, आणि ज्या वर्षी अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या होत्या त्या वर्षी राष्ट्रध्वज त्याच वाडीतल्या एका खोडावर चढावा, हे आम्हा सर्वांना उचित वाटले. परंतु पोफळीचे कवच कठीण असले तरी गाभा मऊ आणि पाणी धरणारा असतो. पावसाळा संपेपर्यंत त्यावर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून दिवाळीनंतरच्या बैठकीत नव्या ध्वजस्तंभाचा विषय मी रीतसर कार्यसूचीवर घेतला.

विषय निघाला तो उंचीपासून. शाळेचे एक माजी विद्यार्थी, जे मुंबईत व्यवसायात स्थिरावले आहेत आणि ज्यांचे शाळेवरील प्रेम वादातीत आहे, त्यांनी सर्व खर्च स्वतः उचलण्याची तयारी दर्शवली. त्यांची इच्छा एवढीच की स्तंभ शंभर फुटांचा असावा आणि तो समुद्रावरून येणाऱ्या होड्यांना दिसावा. कोल्हापूरच्या पोलीस उद्यानात १ मे २०१७ रोजी ३०३ फूट उंचीच्या स्तंभावर तिरंगा चढला होता. तो त्यांनी पाहिलेला होता, आणि पाहणाऱ्याचे मन भरून यावे असाच तो आहे. परंतु असा स्तंभ उभा करणे वेगळे आणि त्यावरचे वस्त्र अखंड ठेवणे वेगळे. अटारीच्या सीमेवर त्याच वर्षी मार्च महिन्यात उभारलेल्या ३६० फुटी स्तंभावरील ध्वज वाऱ्याने वारंवार फाटला, आणि तो उतरवून ठेवण्याची वेळ आली, हे त्या काळी वृत्तपत्रांत येऊन गेले होते. फाटलेला वा विटलेला ध्वज फडकावू नये असा भारतीय ध्वजसंहितेचा स्पष्ट दंडक आहे. तेव्हा जितकी उंची अधिक, तितका वारा अधिक, तितके वस्त्र वारंवार बदलावयाचे, आणि ते बदलण्याची यंत्रणा, रात्रीचा प्रकाश, देखभालीचा माणूस या सर्वांची तजवीज कायमची करावयाची. आमच्या शाळेत वर्ग चार पदे किती रिकामी होती हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मी त्या बैठकीत जे बोललो ते आजही माझे मत आहे. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी जे ध्वज मिरवले, ते हातात धरावयाच्या काठीवरचे होते. आणि त्या हातभर काठीसाठी लोक शेकड्यांनी तुरुंगात गेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार या पंधरा वर्षांच्या मुलाने गोळी झेलली ती हातातला तिरंगा खाली पडू नये म्हणून. ध्वजाची प्रतिष्ठा उंचीवर अवलंबून असती, तर यांपैकी कोणाचाच ध्वज आपल्या स्मरणात उरला नसता. शाळेच्या स्तंभाची उंची इतकीच असावी की आठवीतल्या मुलीने दोर ओढला तर ध्वज वरपर्यंत जावा, आणि खाली उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलाला मधल्या चक्राचे आरे दिसावेत. आमच्या देणगीदारांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि “सर, उंची तुम्ही ठरवा, उरलेले पैसे छपराला लावा,” एवढेच म्हणाले. त्यांच्या या औदार्यामुळेच पुढच्या पावसाळ्यापूर्वी तीन वर्गांवर पत्रे चढले.

उंची ठरवण्यास एक साधे प्रमाण आहे, आणि ते मला आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या, बांधकाम उपविभागातल्या एका कनिष्ठ अभियंत्याने सांगितले. जमिनीवर उभ्या केलेल्या स्तंभाच्या उंचीच्या सुमारे चतुर्थांश इतकी ध्वजाची लांबी असली म्हणजे दोन्ही एकमेकांस शोभतात. ध्वजसंहितेत राष्ट्रध्वजाची नऊ मापे दिलेली आहेत, सर्व तीनास दोन या प्रमाणात. त्यांतले १८०० बाय १२०० मिलिमीटर, म्हणजे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद, हे माप आमच्या अंगणाच्या विस्ताराला योग्य होते. त्यावरून स्तंभ चोवीस फुटांचा ठरला. लहान अंगणाच्या प्राथमिक शाळेने १३५० बाय ९०० चे माप घेऊन अठरा फुटांवर थांबावे, असे मी विचारणाऱ्यांना सांगत आलो आहे.

वाऱ्याचा विचारही त्या अभियंत्यानेच करून दिला. इमारतींवर येणाऱ्या वाऱ्याच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. ऐकताना हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पुण्यास जो दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, तोच मुंबईस सुमारे ११८ किलो होतो. म्हणजे वेग आठव्या हिश्श्याने वाढला तर दाब पावपटीहून अधिक वाढतो. घाटमाथ्यावरच्या शाळेचा स्तंभ पाहून किनाऱ्यावरच्या शाळेने तसाच घेऊ नये, याचे कारण हे आहे. शिवाय वारा नुसत्या दंडालाच ढकलत नाही, तर फडकणाऱ्या वस्त्रालाही ओढतो आणि ती सारी ओढ दंडाच्या अग्रावर येते. म्हणून खालचा अर्धा भाग ८० मिलिमीटर व्यासाचा, वरचा ५० मिलिमीटरचा, आणि दोहोंच्या सांध्यात वरचा पाइप खालच्यात हातभर उतरवलेला, अशी रचना ठरली.

येथून खरा बाजार सुरू झाला. पोलादी पाइपांचे जे मानक आहे, आयएस १२३९, त्यात हलका, मध्यम आणि जड असे तीन वर्ग असून ते ओळखण्यासाठी पाइपावर अनुक्रमे पिवळा, निळा आणि तांबडा पट्टा मारलेला असतो. बाहेरचा व्यास तिन्हींचा सारखाच. भेद असतो तो भिंतीच्या जाडीत, आणि ती जाडी डोळ्यांना टोकाशी वाकून पाहिल्यावाचून कळत नाही. आम्ही मागवलेल्या दरपत्रकांत मध्यम वर्गाचा स्पष्ट उल्लेख होता. सर्वांत कमी दर देणाऱ्या पुरवठादाराने मात्र जे पाइप आणून टाकले ते आधीच रुपेरी रंग मारून, म्हणजे पट्टा झाकून आणले. मी वाद घातला नाही. बाजारपेठेतल्या सिमेंटच्या वखारीत वजनकाटा होता, तेथे पाइप नेला. ८० मिलिमीटरचा वीस फुटी पाइप मध्यम वर्गाचा असेल तर सुमारे ५१ किलो भरावयास हवा. तो भरला ४१ च्या आसपास, जे हलक्या वर्गाचे वजन आहे. माल परत गेला, बयाणा परत आला आणि ठराव दुरुस्त करून काम दुसऱ्या क्रमांकाच्या दरपत्रकास द्यावे लागले. लोखंड वजनावर विकत घ्यावयाची वस्तू आहे. ज्या कारकुनाने दरपत्रकाच्या नमुन्यात ‘नग’ या रकान्याशेजारी ‘वजन’ हा रकाना घातला असेल, त्याने आपल्या संस्थेचे पुष्कळ नुकसान आधीच टाळले आहे.

धातूची निवड समुद्राने करून दिली. खारा वारा साध्या रंगवलेल्या लोखंडाला दोनतीन पावसाळ्यांत खातो. चकचकीत म्हणून जे स्टेनलेस पोलाद बाजारात स्वस्तात मिळते, ते बहुधा ३०४ प्रतीचे असते आणि किनाऱ्यावरच्या मिठाने त्यावरही तांबूस डाग चढतात. ३१६ प्रतीचे टिकते, परंतु त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून जस्ताचा लेप दिलेला पाइप घेतला. यात एक मेख आहे, जी फॅब्रिकेटर आपण होऊन सांगत नाही: जस्तलेपित पाइपावर वेल्डिंग केले की त्या जागेवरचे जस्त जळून जाते आणि सांधा उघडा पडतो. तेव्हा सारे वेल्डिंग आधी आणि लेप नंतर, हा क्रम शक्य असेल तर उत्तम. नसेल तर सांध्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात देऊनच दंड ताब्यात घ्यावा. त्याचप्रमाणे दंडाचे वरचे तोंड गोळ्याने पक्के बंद असले पाहिजे आणि तळाशी एक लहान छिद्र असले पाहिजे. उघड्या तोंडातून पाइपात शिरलेले पावसाचे पाणी कोठेच जात नाही. ते तळाशी साचून आतून गंज चढवते, आणि सागवानी दंडाची जी गत झाली तीच लोखंडी दंडाची होते.

आता त्या प्रश्नाविषयी, जो मला या सर्व खरेदीत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि जो मंडळाच्या कोणाही सभासदाने वा अभियंत्याने नव्हे, तर आमच्या शिपाईमामांनी विचारला. निवड जवळजवळ पुरी झाली होती. मामा चहाचे पेले गोळा करीत होते, आणि दारातच थांबून म्हणाले, “सर, खांब कितीही चांगला घ्या, पण कप्पी अडकली की वर चढायचं कुणी?” बैठकीत कोणाजवळही उत्तर नव्हते. तोवर वर्षानुवर्षे मामाच सागवानी दंडावर चढत आले होते. कधी शिडीवरून, कधी पायांत दोरीचा फास घालून, ज्या रीतीने माडावर चढतात त्या रीतीने. लोखंडी गुळगुळीत पाइपावर ती रीत चालणार नव्हती, आणि चालली असती तरी पन्नाशी उलटलेल्या माणसाकडून तिची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.

उपाय जुना आणि साधा निघाला. चौथऱ्यातल्या काँक्रीटमध्ये लोखंडी चॅनेलचे दोन उभे तुकडे समोरासमोर पक्के करावयाचे, त्यांच्यामध्ये दंडाचा पाय बसवावयाचा आणि वर-खाली दोन जाड बोल्ट आरपार घालावयाचे. खालचा बोल्ट काढला की वरचा बोल्ट बिजागरीचे काम करतो आणि चार माणसे सावकाश दंड आडवा करतात. कप्पी बदलावी, दोर ओवावा, रंग द्यावा आणि पुन्हा उभा करून बोल्ट आवळावा. दंड जमिनीत गाडलेला नसल्याने त्याचा पाय ओलाव्यापासून दूर राहतो, हा दुसरा लाभ. या रचनेमुळे खर्च थोडा वाढला, पण मी तो निःशंकपणे मंजूर करून घेतला. जो दंड माणसाला जमिनीवर उभे राहून दुरुस्त करता येत नाही, तो शाळेने घेऊच नये.

परंतु आडवा होणारा दंड जागेचा प्रश्न निर्माण करतो. संस्थापकांनी जेथे स्तंभ उभारला होता ती जागा दर्शनी आणि सर्वांच्या ममतेची. तथापि मधल्या काळात तिच्या जवळून विजेच्या तारा गेल्या होत्या. ध्वजदंड उभारताना किंवा उतरवताना तो वरच्या तारेला लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास वाचतो, आणि त्यांत विद्यार्थीही असतात. दंडाची जेवढी उंची, तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ त्याच्या पायाभोवती कल्पावे, त्यात आणखी काही हात मिळवावेत, आणि त्या वर्तुळात एकही तार असता कामा नये, हा नियम मी कार्यवृत्तात शब्दशः लिहून घेतला. जुनी जागा सोडावी लागणार म्हणून दोन वयोवृद्ध सभासद हळहळले. मलाही वाईट वाटले. नवी जागा मैदानाच्या पूर्वेस, वर मोकळे आकाश असलेली निघाली. तेथे गवंड्यांनी जांभ्याचा तीन पायऱ्यांचा चौथरा बांधला. काँक्रीटला तीन आठवडे पाणी मारल्यावर मार्च २०२१ मध्ये दंड चढला. तो उभा करताना गवंडीकाकांनी ओळंबा एका बाजूने लावून न थांबता काटकोनातल्या दुसऱ्या बाजूनेही लावला, कारण एका दिशेने सरळ दिसणारा दंड दुसऱ्या दिशेने कललेला असू शकतो.

कप्पी आणि दोर यांच्यावर लोक फार थोडा विचार करतात, आणि समारंभाच्या दिवशी फजिती होते ती बहुधा याच दोहोंमुळे. लोखंडी कप्पी समुद्राकाठी एका पावसाळ्यात गंजून अडते. ती पितळेची किंवा स्टेनलेसची असावी, आणि तिचे चाक बोटाने फिरवले असता आवाज न करता फिरावे. त्याहून महत्त्वाचे असे की, चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या यांमध्ये जी फट असते ती दोराच्या जाडीहून अरुंद असली पाहिजे. बाजारातल्या कप्प्यांत ही फट रुंद असते. वाऱ्याने दोर हेलकावला की तो चाकावरून उतरून फटीत शिरतो, आणि खालून जितके ओढावे तितका रुतून बसतो. मामांनी दुकानात कप्पीगणिक दोराचा तुकडा फटीत घालून पाहिला, आणि ज्या कप्पीत तो शिरेना तीच घेतली. दोराविषयीही त्यांचेच ऐकले. पूर्वी आम्ही सुती दोर वापरीत असू. तो हाताला चांगला असतो, परंतु भिजला की फुगतो आणि आखडतो. आणि १५ ऑगस्ट हा दिवस कोकणात भर पावसात येतो, हे ध्वजस्तंभ घेणाऱ्याने क्षणभरही विसरू नये. प्लास्टिकचा स्वस्त दोर पाणी पीत नाही, पण उन्हाने त्याचे तंतू सुटतात. आठ मिलिमीटर जाडीचा, गुंफलेला नायलॉनचा दोर आम्ही घेतला, उंचीच्या दुपटीहून थोडा अधिक, आणि त्याची दोन्ही टोके जोडून त्याचा अखंड फेरा केला, म्हणजे टोक सुटून वर जाण्याची भीती उरली नाही.

हिशेबात एक गोष्ट मी मुद्दाम केली. स्तंभाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत झाली: ‘ध्वजस्तंभ, लोखंडी, जस्तलेपित, चोवीस फूट, नग एक’, आणि त्याच दिवशी जुन्या सागवानी दंडाचे निर्लेखन झाले. पण दोर आणि कप्पी या झिजणाऱ्या वस्तू असल्यामुळे त्या कोणत्याच नोंदवहीत टिकून राहत नाहीत, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी पैसेही नसतात. म्हणून वार्षिक अंदाजपत्रकात ‘ध्वजस्तंभ देखभाल’ अशी स्वतंत्र ओळ घालून घेतली. रक्कम अल्प आहे. परंतु ती असल्यामुळे जुलैअखेर दोर बदलण्यास मामांना कोणाकडे तगादा लावावा लागत नाही.

दंड उभा राहून दोन महिने होतात न होतात तोच मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्यालगतून जात असल्याची सूचना आली. आदल्या दुपारी आम्ही खालचा बोल्ट काढून दंड आडवा केला आणि ओसरीलगत बांधून ठेवला. वादळ गेल्यावर तो जसा होता तसाच पुन्हा उभा केला. पुढे १५ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळपासून झड लागली होती. अंतर राखून उभी असलेली थोडी मुले, छत्र्यांखालचे पालक, आणि दोर ओढण्यास दहावीतली एक विद्यार्थिनी. ध्वज चढवताना त्वरेने चढवावा आणि उतरवताना संथपणे उतरवावा असे ध्वजसंहिता सांगते. भिजलेली खादी जड असते, तरीही त्या मुलीच्या हाताने ध्वज न अडखळता वर गेला. मला त्या दिवशी जे समाधान लाभले ते एखाद्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागल्याच्या समाधानाहून कमी नव्हते, हे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

प्रजासत्ताकदिनी रीत निराळी: ध्वज घडी करून, त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवून, सरकगाठ मारून आधीच वर बांधलेला असतो आणि एका हिसक्यात उलगडावा लागतो. ही गाठ मारणे हे शिकवण्याचे काम आहे. आमचे क्रीडाशिक्षक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून साध्या कापडाच्या तुकड्यावर मुलांकडून ती मारून घेत, आणि वाटे तितकी सोपी ती नाही. अर्ध्यावर ध्वज ठेवण्याची रीतही मुलांनी पाहावी असे मला वाटे, आणि तो प्रसंग दुःखाच्या वाटेने आला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. तहसील कचेरीतला शिपाई ध्वज प्रथम पूर्ण उंचीवर नेऊन मग अर्ध्यावर आणताना, आणि सायंकाळी पुन्हा वर नेऊन मगच उतरवताना, मी आमच्या काही मुलांना सोबत घेऊन पाहिला. अखंड फेऱ्याचा दोर आणि खालच्या अंगाला तो घट्ट गुंडाळण्याची खुंटी या दोन गोष्टी नसतील, तर अर्ध्यावर थांबलेला ध्वज तेथे राहत नाही.

जुलै २०२२ मध्ये नियम बदलला, आणि नागरिकांनी लावलेला ध्वज दिवस-रात्र ठेवण्यास मुभा मिळाली. त्या ऑगस्टमध्ये घरोघरी ध्वज लागले, यंत्रावर विणलेले पॉलिस्टरचेही लागले, आणि ज्या घरांवर तो पूर्वी कधी दिसला नव्हता तेथे तो दिसला, याचा मला आनंद वाटला. शाळेने मात्र सायंकाळी ध्वज उतरवण्याची प्रथा सोडू नये असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. समुद्राकाठच्या रात्रीच्या वाऱ्यात खादीच्या कडा उसवतात हे एक कारण. आणि संध्याकाळी दोन मुलांनी थांबून, ध्वज जमिनीला न लागू देता, घडी घालून तो कपाटात ठेवणे यात जे शिक्षण आहे ते कोणत्याही तासिकेत बसवता येत नाही, हे दुसरे.

तेव्हा ज्यांच्यावर ही खरेदी येईल त्या मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. पाइप वजन करून घ्यावा, वरच्या तारा पाहून जागा ठरवावी, आणि दोरासाठी दरसालची रक्कम ठरावात लिहून ठेवावी. आणि ज्या बैठकीत दरपत्रके उघडली जातील, तीत शाळेच्या शिपायाला बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि प्रथम त्याचे म्हणणे ऐकावे.